जिताड्यांना गोडं पाणी

मासा आजारी पडतो, हे मला लग्नानंतर सोळा वर्षांनी कळलं.

माझं माहेर कुडाळच्या आतल्या बाजूला, भात आणि काजू करणाऱ्यांचं. आमच्याकडे आजारी पडायची ती गुरं. म्हैस रवंथ करेनाशी झाली, तिचे कान थंड लागले, की वडील जेवणावरून उठून गोठ्यात जायचे. त्यांच्या मागून हिंडता हिंडता मलाही गुरांचं दुखणं थोडंफार कळायला लागलं होतं. मासा मात्र घरी यायचा तो बाजारच्या दिवशी, पिशवीतून, मेलेला. त्याला काय दुखत असणार?

लग्न होऊन मी मालवणच्या अलीकडे खाडीकाठी आले. सासरच्या घरात सगळं पाण्यावरचं. सासरे पोरवयात होडीवर गेले आणि होडीवरच म्हातारे झाले. नवरा मोठ्या बोटीवर, आठ-आठ दिवस बाहेर. आणि सासूबाई चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणाऱ्या. माझं काम रांधायचं, मुलीला शाळेत सोडायचं आणि परसात चार मिरच्या लावायच्या. खाडीशी माझा संबंध कपडे वाळत घालताना तिच्याकडे बघण्यापुरता.

मग गावात बायकांचा गट झाला. खाडीत पिंजरे टाकून जिताडे वाढवायचे, अशी योजना होती. जिताडा म्हणजे गोव्याकडे ज्याला चोणक म्हणतात तो. मोठा, पांढऱ्या मांसाचा, हॉटेलवाल्यांचा लाडका. गटात नाव सासूबाईंचं होतं. पण त्यांचे गुडघे कामातून गेले होते आणि होडीत चढणं त्यांना जमेना. पहिल्याच मिटिंगीत त्यांनी सांगून टाकलं, "माझ्या जाग्यार ही येतली. हिका लिवता-वाचता येता आणि ती भियाणा नाय." दुसरं वाक्य खरं नव्हतं. मला पोहता येत नव्हतं आणि होडी हलली की मी बाजूचीचा पदर घट्ट धरायची.

आठ जणी होतो. लोखंडी पाइपांच्या चौकटी, खाली निळे ड्रम आणि मध्ये जाळ्याची पिशवी, असे चार पिंजरे. खाडीचं पात्र पलीकडच्या काठाला खोल आहे, म्हणून पिंजरे तिकडे लावले. आमच्या काठावरून होडीनं दहा मिनिटं, पलीकडच्या काठावरून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर.

त्या पलीकडच्या काठावर एक म्हातारं जोडपं राहायचं. सगळे त्यांना आबा आणि काकी म्हणत. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची माडांची बाग, कौलारू घर, आणि जांभा फोडून काढलेली जुनी विहीर. आबा आयुष्यभर त्या खोल जागेवर पाग टाकत आले होते. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. आम्ही पिंजरे लावले ते नेमके त्यांच्या त्या जागेवर. परवानगीचे कागद आमच्याकडे होते, पण कागदावर आबांची जागा कुठे लिहिलेली असणार? ते एकदाच बोलले. होडी आमच्या होडीजवळ आणून म्हणाले, "खाडी काय तुमच्या बापाशीची नाय." गटाच्या अध्यक्षबाई तोंडाच्या फटकळ. त्या म्हणाल्या, "तुमच्या बापाशीची पण नाय." त्यानंतर आबा आमच्याकडे बघत नसत.

पहिलं वर्ष बरं गेलं. माझी भीती कमी झाली. सकाळी बोटीवरून आलेली बारीक मासळी चिरायची, टोपल्या होडीत घालायच्या, पिंजऱ्याच्या फळीवर उकिडवं बसून मूठ मूठ टाकायची. मूठ पाण्यावर पडायच्या आत खालून जिताडे उसळायचे. पाणी खळखळा उकळल्यासारखं व्हायचं, अंगावर उडायचं. मला ते इतकं आवडायला लागलं की माझी पाळी नसेल त्या दिवशीही मी जायची. घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, "जेवले?" जणू मी शेजारच्या घरातली पोरं जेववून आले आहे.

दुसऱ्या वर्षी शिमगा झाला आणि ऊन चढायला लागलं. एका सकाळी तिसऱ्या पिंजऱ्यात मूठ टाकली तर पाणी नुसतं हललं. दुसरी मूठ टाकली. चिरलेली मासळी फिरत फिरत खाली गेली. कोपऱ्यात तीन जिताडे पोट वर करून तरंगत होते.

तीन मासे मरणं मोठी गोष्ट नव्हती. एखाददुसरा मरायचाच. आम्ही ते काढले. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पिंजऱ्यातही. जिवंत होते ते वरच्या थरात येऊन सुस्त राहिले होते, मध्येच एखादा तिरका होऊन जाळ्याला अंग घासायचा आणि पुन्हा स्थिर. काहींच्या डोळ्यांवर साय आल्यासारखी झाली होती. पाठीवर खवले गेलेले, खाली लाल.

म्हैस असती तर मी कान चाचपून पाहिले असते. माशाचं काय चाचपायचं? मी एक मेलेला जिताडा केळीच्या पानात गुंडाळून घरी आणला आणि सासूबाईंसमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, कल्ले उघडून पाहिले, अंगावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. चाळीस वर्षांत किती मासे त्या हातातून गेले असतील. माझी मुलगी तापली की कपाळावर ठेवायच्या तसा तो अंगठा होता.

"बुळबुळीत झालो आसा," त्या म्हणाल्या. "अंगार कायतरी बसला ह्याच्या."

"आये, कोणी विष घातला आसात?"

"विष आसता तर भायले कुर्ले, शेवटे सगळे मेले असते. ते बग जाऊन. फिरतत काय नाय?"

बाहेरचे खेकडे आणि शेवटे मासे फिरतात का, ते मी बघितलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी गटाची बैठक होती आणि माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. आदल्या दिवशी आबांची होडी मी पिंजऱ्याच्या अगदी जवळून जाताना पाहिली होती. ते वल्हं थांबवून आत वाकून बघत होते. आठ जणी गोल बसलो, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. वर्षभराची मेहनत डोळ्यांसमोर पांढरं पोट करून तरंगत होती. कोणीतरी म्हणालं, पाणीच वाईट झालंय. कोणी म्हणालं, देवाचं काहीतरी राहिलं. आणि मी म्हणाले, "काल आबा पिंजऱ्याकडे होते. मी बघलंय. त्यांनीच विष घातला आसात."

तो शब्द मीच काढला, हे मी आजही लपवत नाही. विष. एकदा तो शब्द निघाल्यावर बाकीच्या जणींना सगळं पटायला लागलं. त्यांचं ते बोलणं, त्यांची जागा गेलेली, त्यांचं आमच्याकडे न बघणं. अध्यक्षबाईंनी वही-पेन माझ्यापुढे सरकवलं. माझं अक्षर चांगलं. 'माननीय पोलीस पाटील यांस' असं लिहून मी सुरुवात केली आणि शुद्ध मराठीत एक पानभर लिहिलं. 'सदर इसमाने हेतुपुरस्सर' असे शब्द मला कुठून सुचले कोण जाणे. आठ सह्या झाल्या. सासूबाईंच्या नावापुढे सही मीच केली.

घरी येऊन सगळं सासूबाईंना सांगितलं. जेवताना त्या म्हणाल्या, "तो मनीस तोंडान खराब आसा. हातान नाय."

अध्यक्षबाईंनी मत्स्य विभागात फोनही केला होता, हे नशीब. तिसऱ्या दिवशी तिथून एक मॅडम आल्या. माशांच्या डॉक्टर. आम्हाला वाटलं होतं कोणी चष्मेवाले साहेब येतील. आली ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची सडपातळ मुलगी, पाठीवर पिशवी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बोलणं घाटावरचं. सोलापूरच्या पलीकडच्या दुष्काळी गावातली होती. तिनं स्वतःच सांगितलं की समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजला आल्यावर. आणि आमच्या ओट्यावर चहा पिताना हेही सांगितलं की ती मासे खात नाही, कधी खाल्लेलेच नाहीत.

सासूबाईंनी कपबशी खाली ठेवली. "मगे तुका माश्यांचा कळता कसा?"

मॅडम हसली. "खाणाऱ्यांना चव कळते, आजी. मला त्यांचं दुखणं बघायचं असतं."

सासूबाईंना ते उत्तर मनापासून आवडलं. त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी वेगळी डाळ केली.

मॅडमनी होडीत बसायच्या आधी विचारलं, "पिंजऱ्याच्या बाहेरचे मासे, खेकडे मेलेत का?" मी मान खाली घातली. पिंजऱ्यावर पोचलो तर ड्रमांच्या कडेनं कुर्ले आरामात फिरत होते आणि बाहेर शेवट्यांचा थवा तोंडं वर काढून चालला होता. मॅडमनी जाळं हातानं ओढून वर घेतलं. जाळ्याची भोकं शेवाळानं आणि बारीक कालवांनी अर्धी बुजली होती. गेले दोन महिने जाळी बदलायचं आम्ही आज-उद्या करत होतो. एक बाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, एकीच्या घरी लग्न, ऊन. मॅडम रागावली नाही. म्हणाली, "घर बंद केल्यावर माणसाला होतं तेच त्यांना होतंय. पण मुख्य कारण वेगळं दिसतंय मला. गोडं पाणी आहे का? प्यायचं?"

प्यायच्या बाटल्या होत्या. आम्हाला वाटलं तिला तहान लागली. तिनं दोन बाटल्या एका घमेल्यात ओतल्या, हातजाळीनं एक जिवंत जिताडा अलगद काढला आणि त्या पाण्यात सोडला. घमेलं लहान होतं, मासा वाकून राहिला. वरून त्याच्या अंगावर काहीच दिसत नव्हतं. फक्त थोडा मळकट वाटत होता.

"बघत राहा," ती म्हणाली.

आम्ही चार जणी वाकून बघत होतो. एक-दोन मिनिटं गेली. मग त्याच्या पाठीवर, डोळ्याच्या कडेला, पांढरे ठिपके उमटायला लागले. जिथे काही नव्हतं तिथे. ठिपके मोठे होत गेले, चपटे, भाताच्या कोंड्याएवढे, आणि एक एक करून गळून तळाशी पडले. पाच मिनिटांत घमेल्याचा तळ कोंडा सांडल्यासारखा झाला. मासा मात्र कल्ले हलवत शांत होता.

"हे चपटे कृमी," मॅडम म्हणाली. "काचेसारखे असतात, खाऱ्या पाण्यात दिसत नाहीत. माशाची कातडी खातात. मासा अंग घासतो, जखमा होतात, जखमेत रोग शिरतो आणि मासा मरतो. पाणी फार खारं आणि गरम झालं, जाळी घाण राहिली, की ते वाढतात. गोड्या पाण्यात ते जगत नाहीत. जिताडा जगतो, त्याला दोन्ही पाणी चालतात."

माझ्या शेजारी बसलेली अध्यक्षबाई हळूच म्हणाली, "म्हणजे विष न्हय."

"कसलं विष?" मॅडमनी विचारलं.

उपाय तिनं नीट समजावून सांगितला. चारही पिंजऱ्यांतला प्रत्येक मासा दहा मिनिटं गोड्या पाण्यात ठेवायचा. जुनी जाळी काठावर आणून कडक उन्हात वाळवायची, कारण कृमींची अंडी जाळ्याला चिकटून राहतात. नवी जाळी लावायची. आठ-दहा दिवसांनी, राहिलेल्या अंड्यांतून कृमी निघाले की पुन्हा एकदा आंघोळ. मेलेले मासे खाडीत टाकायचे नाहीत, चुना घालून पुरायचे.

सगळं समजलं. प्रश्न एकच होता. पाणी कुठलं? आमच्या काठच्या विहिरी शिमग्यानंतर मचूळ होतात. त्या पाण्यात डाळही शिजत नाही. नळाला एक दिवस आड पाणी, तेही हंड्याला पुरेल इतकंच. टँकर खाडीपर्यंत यायला रस्ता नाही. मॅडमनी आजूबाजूला पाहिलं आणि पलीकडच्या काठावरच्या माडांकडे बोट दाखवून सहज विचारलं, "तिथे विहीर नाही का?"

होती. डोंगराचं पाणी, जांभ्यातून झिरपलेलं, मे महिन्यातही खोबऱ्यासारखं गोड. त्या पंचक्रोशीत तशी विहीर दुसरी नव्हती.

जायचं कोणी, यावर चर्चा झाली नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मलाही ते बरोबर वाटलं. मी आधी पोलीस पाटलांकडे गेले. त्यांनी अर्ज अजून पुढे पाठवला नव्हता. आबांना मात्र दाखवला होता. अर्ज परत घेऊन मी होडीतून पलीकडे उतरले. सोबत कोणाला घेतलं नाही. सासऱ्यांनी वल्हवलं, पण ते होडीतच बसून राहिले.

आबा अंगणात पाग दुरुस्त करत बसले होते. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभी राहिले. बस म्हणून कोणी म्हणालं नाही.

"तो कागद तुया लिवलंस?" आबांनी मान वर न करता विचारलं.

"होय."

"मगे वाच."

"आबा, माझी चूक झाली. मी ह्या मागे घेवक इलंय."

"वाच म्हणतंय ना. पाटलान वायच सांगल्यान, सगळा नाय. आणि माका वाचूक दिसणा नाय."

मी वाचला. पहिल्या ओळीपासून सह्यांपर्यंत. 'सदर इसमाने हेतुपुरस्सर' इथे मी थांबले, तेव्हा ते म्हणाले, "फुडे." काकींचे हात सुपात थांबले होते. एक पान वाचायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी पागेतला एक धागा दातानं तोडला.

"हेतुपुरस्सर म्हणजे काय?"

"मुद्दाम. मनात धरून."

त्यांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी आत वाकान बगी होतंय, खरा आसा. तुमचे मासे वर येवन रवले होते. माका वाटला, सांगूया. मगे म्हटलंय, माका कोण इचारता."

माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, कारण मग ते दिसले असते. मॅडमनी काय सांगितलं, घमेल्यात काय दिसलं, किती पाणी लागेल, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मी म्हणाले, "नाय म्हणालात तरी चलात. मी ह्या कागदासाठी इलंय."

आबा उठले. विहिरीकडे गेले, आत डोकावले, पंपाची पेटी उघडून बंद केली. परत येऊन म्हणाले, "पाणी माश्यांका देतंय. तुमका नाय."

"चलात," मी म्हणाले.

"आणि ड्रमांनी नेतलास तर आठवडो जायत. तितक्यात सगळे मरतले. माझी होडी घेवा. तिच्यात ताडपत्री घाला, माडांचो पाइप पिंजऱ्यापर्यंत ओडा आणि होडयेतच पाणी भरा. अर्धीच भरूची. पूर्ण भरलास तर बुडात."

मॅडमला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पुस्तकात टाक्या लिहिल्यात, पण ही टाकीच आहे की.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुरुवात झाली. आबांच्या बागेतला काळा पाइप पुरला नाही. आणखी दोन घरांतून तुकडे आणून जोडले, जोडांना सायकलची ट्यूब बांधली. निळी ताडपत्री लग्नमंडपवाल्यानं दिली. पंप सुरू झाला, पाइप पाण्यावर सापासारखा हलला आणि होडीत गोड्या पाण्याची धार पडली. मॅडमनी बोट बुडवून चाखलं आणि मान हलवली.

हातजाळीनं दहा-पंधरा जिताडे काढायचे, होडीत सोडायचे, घड्याळ बघायचं, काढून नव्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकायचे. पाण्यात हवा खेळावी म्हणून दोघी जणी तांब्यांनी पाणी उचलून उंचावरून ओतत होत्या. पांढरा कोंडा तळाशी साचला की ताडपत्री उचलून पाणी बदलायचं. ते पाणी खाडीत न ओतता ड्रमात भरून काठावर नेऊन मातीत जिरवायचं, हेही मॅडमनी सांगितलं होतं. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती म्हणाली, आता थांबा, पाणी तापलं, मासे दमतील. उरलेले उद्या.

आबा दिवसभर काठावर पंपाजवळ बसून होते. होडीतलं पाणी बदलायची वेळ झाली की आम्ही हाक मारायच्या आत पंप सुरू व्हायचा.

दुपारी काकींनी ओट्यावर केळीची पानं मांडली. उकड्या तांदळाची पेज, फणसाची भाजी, आंब्याचं लोणचं. आम्ही आठ जणी, सासरे आणि मॅडम. अध्यक्षबाई पानावर बसल्या आणि उठल्या. आबांकडे जाऊन उभ्या राहिल्या. फटकळ बाई, तिला शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, "आबा, त्या बापाशीच्या बोलण्याचा मनार घेव नकात." आबा म्हणाले, "पयला मी बोललंय. जेव आता, पेज निवता." माफी मागणं आणि देणं, दोन्ही तेवढ्यात आटोपलं.

सगळे मासे वाचले नाहीत. आंघोळीनंतरही चार दिवस मरत होते. ज्यांच्या जखमा खोल होत्या ते राहिले नाहीत. दोन पिंजऱ्यांतले जवळजवळ निम्मे गेले. त्याच आठवड्यात एक व्यापारी काठावर येऊन म्हणाला, मरायच्या आधी द्या, बर्फात घालून लांब पाठवतो, कोणाला कळणार? त्या दिवशी सासूबाई गुडघे धरत काठापर्यंत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जल्मभर मेलेले मासे इकलंय मी, तेची लाज नाय. पण मी खाऊचंय नाय ता दुसऱ्याक घालूचंय नाय." व्यापारी निघून गेला. आम्ही खड्डे खणले, चुना घातला. पाटीभर रुपेरी मासे मातीत ढकलताना मला वडिलांनी पुरलेली एक पारडी आठवली. त्या दिवशी ते जेवले नव्हते. जनावर मेल्यावर माणूस का जेवत नाही, ते मला त्या खड्ड्याशी उभं राहून समजलं.

पाचव्या दिवशी पहिल्या पिंजऱ्यात मूठ टाकली तर पाणी उसळलं. पूर्वीसारखं नाही, पण उसळलं. फळीवर आम्ही दोघीच होतो. दुसरी बाई तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, मग मीही.

दहाव्या दिवशी पुन्हा आंघोळ घातली. त्या वेळी मॅडम दुसऱ्या तालुक्यात होती. तिनं फोनवर विचारून घेतलं आणि म्हणाली, तुमचं तुम्हाला येतंय, मला कशाला बोलावता. घमेल्यात मोजके पाच-सहा ठिपके पडले. पुढच्या हंगामात जिताडे विकायला गेले ते धट्टेकट्टे गेले. मॅडमची मग बदली झाली. जायच्या आधी ती सासूबाईंना भेटायला आली होती आणि त्यांनी तिला निरोपाला काय द्यावं या विचारात अर्धा तास घालवला, कारण त्यांच्या मते जगात देण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती ही मुलगी खात नव्हती. शेवटी काजूगर दिले, माझ्या माहेरचे.

आमच्याकडे आभार मानायची रीत नाही. कोणी 'आभारी आहे' म्हणालं तर समोरचा दचकतो. म्हणून मी हे लिहून ठेवते आहे. वैद्यकीतलं मला काही येत नव्हतं. एका न खाणाऱ्या मुलीनं मला मासा बघायला शिकवलं. सासूबाईंनी अंगठ्यानं जे सांगितलं ते मी ऐकलं नाही, तरी त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही. आणि ज्यांच्याबद्दल मी सर्वांत वाईट लिहिलं, त्यांच्या विहिरीनं आमचे पिंजरे जगवले.

आता दर पंधरवड्याला आम्ही प्रत्येक पिंजऱ्यातला एक मासा गोड्या पाण्यात घालून बघतो. जाळी महिन्याला बदलतो, लग्न असो की बाळंतपण. आबांसाठी पिंजऱ्यांची एक ओळ आम्ही थोडी सरकवून घेतली. त्यांना पाग टाकायला पुरेल इतकी जागा मोकळी झाली. पिंजऱ्यातला जिताडा ते अजूनही खात नाहीत, त्याला 'घरजावय' म्हणतात.

यंदा होळीच्या सुमाराला एका सकाळी मी काठावर मासळी चिरत होते. पलीकडून हाक आली. आबा स्वतःच्या होडीत उभे राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते.

"गो! तुमचे मासे जाळ्याक अंग घासतत! दोन बगलंय मी!"

मी सुरी खाली ठेवली. घमेलं घेऊन होडीत चढले. पाणी मात्र मी नेलं नाही. ते तिकडे भरून ठेवलेलं असणार, हे मला माहीत होतं.